पोटावरची निळी रेघ

शेवंतीच्या पोटावरची निळी रेघ पहिल्यांदा आपोआप पेटली, तेव्हा घरात काहीच शिजत नव्हतं. दुपार टळली होती. शेवंती पडवीत बसून काजूच्या बिया निवडत होती आणि तिची मुलगी प्रणाली खांबाला टेकून बसली होती. पातळ साडीच्या आतून उजेड आला तसं दोघींनीही एकदम खाली पाहिलं.

"आये, मघाशी जेवलीस ना?" प्रणालीने विचारलं.

शेवंतीने होकारार्थी मान हलवली. मग तिने दाराकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आत जाऊन भाकरीचा तुकडा नि गूळ घेऊन आली. तुकडा चावत ती म्हणाली, "ते आलेत."

पोस्टमन आलाय, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. तिच्या नवऱ्याला, भिकाजीला, जाऊन तेव्हा महिना झाला होता.

प्रणाली तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात औषधं द्यायच्या खिडकीवर फार्मासिस्ट होती. शनिवारी संध्याकाळी गावी यायची, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायची. आईच्या कमरेला तो पट्टा तिनेच हट्टाने बसवून घेतला होता. त्यामुळे ती रेघ कशाने पेटते हे तिला नीट ठाऊक होतं. भुकेने पेटते. जेवण समोर आलं की पेटते. मेलेली माणसं घरात आली म्हणून पेटत नाही. त्या दिवशी तिने आईशी वाद घातला नाही. पट्ट्यात काहीतरी बिघडलं असेल, असं तिने मनाशी धरलं.

हा पट्टा समजायचा तर त्याच्या आधीची गोळी समजावी लागते. तिचं शास्त्रातलं नाव सल्फोनिलयुरिया. आमच्या भागात तिला नुसतं साखरेची गोळी म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी युरोपात विषमज्वराच्या रोग्यांना गंधक असलेलं एक औषध देऊन पाहत होते. ताप उतरायचा राहिला बाजूला, काही रोगी घामाघूम होऊन बरळायला लागले. त्यांच्या रक्तातली साखर उतरली होती. त्या अपघातातून या गोळ्या निघाल्या.

जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन तयार करून साठवतात. प्रत्येक पेशीला बारीक बारीक दारं असतात. जेवणानंतर रक्तात साखर वाढली की ती दारं मिटतात आणि ती मिटली की पेशी आपला साठा रक्तात सोडते. गोळी हेच करते, दारं मिटवते. फक्त रक्तात साखर किती आहे हे ती बघत नाही. माणूस पोटभर जेवलेला असो की उपाशी असो, ती आपलं काम करते. म्हणून ती गुणकारी आणि म्हणूनच धोक्याची. साखर हमखास उतरवते, निदान त्या पेशी दमेपर्यंत. परवडतेही सगळ्यांना. मात्र माणूस म्हातारा असला, मूत्रपिंडं मंदावली असली आणि त्यात एखादं जेवण चुकलं, तर साखर उतरत उतरत इतकी खाली जाते की मेंदूलाच काही मिळत नाही. आधी घाम, थरथर. मग माणूस भलतंच बोलतो. मग गप्प होतो.

नव्या औषधात रेणू तोच होता, पण घडी घातलेला. महिन्यातून एकदा एक कॅप्सूल घ्यायची. औषध रक्तात निजून राहायचं. निळा उजेड पडला की रेणूची घडी उलगडायची आणि तो दारं मिटवायला लागायचा. उजेड गेला की पुन्हा घडी. त्यासाठी घशातून नळी घालून, तांदळाच्या दाण्याएवढा एक दिवा जठराच्या मागच्या बाजूला बसवायचे. कमरेच्या पट्ट्यातून त्याला वीज मिळायची. आतला दिवा लागला की पट्ट्यावरही निळी रेघ उमटायची, म्हणजे माणसाला कळावं की आता जेवलं पाहिजे.

दिवा कधी लावायचा, हे पट्टा स्वतः शिकायचा. माणूस जेवायला बसायच्या आधीच त्याचं शरीर तयारीला लागतं. तोंडाला पाणी सुटतं, आतडी हलतात, नाडीची चाल बदलते. पट्टा पोटाला कान लावून बसल्यासारखा हे सगळं ऐकायचा आणि घास तोंडात जायच्या जरा आधी दिवा लावायचा. साखर फार उतरली तर तो दिवा विझवायचा आणि शिट्टी द्यायचा. तीन महिन्यांची सरासरी साखर पट्ट्याने इतकी छान आटोक्यात येत होती की रुग्णालयातल्या डॉक्टर मुकादमबाई स्वतःच्या वडिलांना तो लावून बसल्या होत्या.

भिकाजीने मात्र पट्टा घेतला नाही. तो जुन्या गोळीवरच राहिला. बायकोला म्हणायचा, "तुझ्या पोटात वीज घातलीय तर घालू दे. माझ्या पोटात वेळेवर भाकरी घाल, म्हणजे झालं."

त्या पट्ट्यामुळे त्या घरात एक गोष्ट बदलली. शेवंती लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या आधी कधी जेवली नव्हती. तो उठला की ती बसायची. पण रेघ पेटली की लगेच खाल्लं पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मग नाइलाजाने दोघं समोरासमोर बसायला लागली. तरी पहिला घास त्याचाच. तो तोंडात जाईपर्यंत शेवंती आपल्या ताटाला हात लावत नसे. रेघ कधी पेटायची तेही ठरून गेलं होतं. भिकाजी काजूच्या बागेतून यायचा, कोयता आकडीला अडकवायचा, पाय धुवायचा आणि भिंतीशी टेकवलेला पाट खाली पाडून पायानेच पुढे ओढायचा. पाटाच्या पायाची एक खिळी वर आलेली होती. ती फरशीवर खर्रर्र करून वाजायची. त्या आवाजाबरोबर शेवंतीच्या पोटावर उजेड व्हायचा.

"दिवाबत्ती झाली," भिकाजी म्हणायचा. "वाढ आता."

गेल्या चैत्रात एका रविवारी सकाळी त्याने चहाबरोबर गोळी घेतली, फडक्यात भाकरी बांधून घेतली आणि तो बागेत गेला. दुपारी जेवायला आला नाही. त्याचा धाकटा भाऊ जयराम आणि प्रणाली शोधायला गेले. भिकाजी एका झाडाला टेकून बसलेला सापडला. मांडीवर भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं. त्याची बोटं फडक्याच्या गाठीवर होती. गाठ अर्धवट सैल झालेली, पण सुटलेली नव्हती. जयरामने ती बोटं बाजूला केली आणि प्रणालीला म्हणाला की, हे वैनीला सांगू नकोस. झाडाखाली पडल्यापडल्या झोपेत गेला, असं दोघांनी शेवंतीला सांगितलं. फडकं न सोडलेलं परत आलं, तेवढं मात्र लपवता आलं नाही.

"उपाशी गेले," एवढंच शेवंती म्हणाली.

त्यानंतर रेघ वरचेवर पेटायला लागली. कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. शेवंती दरवेळी उठून एक लहानशी ताटली पाटासमोर ठेवायची, जरा पाटाकडे बघायची आणि मग स्वतः काहीतरी खायची. तिची साखर ठीक राहिली, पण अंग सुटायला लागलं. शेजारणी चेष्टेने म्हणायच्या की नवरा गेल्यावर शेवंती बाळसं धरतेय. तीही हसायची. म्हणायची, मी एकटीच कुठे जेवते, दोघांचं जातंय पोटात.

एका रविवारी संध्याकाळी रेघ पेटली तेव्हा प्रणाली चुलीपाशी होती. तिने काही ऐकलं नाही. पण वळून पाहिलं तर पाट भिंतीपासून हातभर पुढे होता. सकाळी केर काढताना आपणच तो तसा ठेवला की काय, हे तिला कितीही आठवून आठवेना. त्या रात्री ती आईच्या अंथरुणात आईला चिकटून झोपली, लहानपणी झोपायची तशी.

तिने आईला डॉक्टर मुकादमबाईंकडे नेलं. बाईंनी पट्टा तपासला. कुठेच बिघाड नव्हता. पट्टा जे ऐकत होता ते खरंच होत होतं, असं त्या म्हणाल्या. शेवंतीचं शरीर जेवणाची तयारी करत होतं. इतकी वर्षं एका माणसाच्या पावलाबरोबर भूक लागायची सवय. आता वाऱ्याने कौल हललं, कुठे लाकूड वाजलं, की शरीराला वाटतं तो आला. मनाला कळायच्या आधी शरीराला वाटतं. पट्टा फक्त ते उजेडात आणतो. उपाय सोपा होता. पट्ट्याने शिकलेलं सगळं पुसून टाकायचं आणि घड्याळाच्या वेळा लावून द्यायच्या.

शेवंतीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तो त्यांना विसरेल?"

"पट्ट्याला कुठे माहितेत ते, मावशी?" बाई हसून म्हणाल्या. "माहीत आहे ते तुमच्या अंगाला."

"मग माझ्या अंगाला कळतंय ते खोटं कसं?"

बाईंनी प्रणालीकडे पाहिलं. शेवंती पट्टा बांधून खुर्चीवरून उठली सुद्धा. बाहेर आल्यावर प्रणाली तिच्यावर चिडली. बाबा गोळी घेऊन उपाशी राहिले म्हणून गेले, आता तूही कुठल्यातरी दिवशी दिवा पेटलेला असताना उपाशी राहशील आणि जाशील, मग मी कोणासाठी येऊ गावी, असं बरंच बोलली. एसटी दिसली तशी शेवंतीने पिशवी उचलली. मग म्हणाली की दिवा पेटला आणि मी खाल्लं नाही असं एकदा तरी झालंय का? ते खरं होतं. तोवर झालं नव्हतं.

ते झालं वर्षश्राद्धाच्या दिवशी.

मांडवकरांच्या, म्हणजे भिकाजीच्या घरात रीत अशी की श्राद्धाचं पान कावळा शिवल्याशिवाय घरातलं कोणी पाणीही पीत नाही. पूर्वी या रितीचा कोणाला त्रास नव्हता. पान कौलावर ठेवलं की कावळा हजर. पण अलीकडे काही वर्षांत गावातून कावळे दिसेनासे झाले होते. कोणी म्हणायचं रोग आला, कोणी म्हणायचं वाढलेली उष्णता. गावात बहुतेकजण आता दर्भाचा कावळा करून पानाला लावत आणि जेवून घेत. जयरामनेही तेच सुचवलं. शेवंतीने ऐकलं नाही.

"उपाशी गेलेला माणूस गवताच्या कावळ्याने जेवणार आहे का, भावोजी?"

प्रणालीने निदान त्या दिवसापुरता पट्टा काढून ठेव म्हणून विनवलं. कॅप्सूल आठवड्यापूर्वी घेतलेली, औषध रक्तात निजलेलं होतं. पण दिवा नसला की ते निजूनच राहिलं असतं. शेवंती म्हणाली, आज ते नक्की येणार, आणि आजच दिवा काढून ठेवू? उलट तिनेच लेकीकडे एक गोष्ट मागितली. पट्ट्याची शिट्टी बंद कर. एखादा चुकार कावळा आलाच तर शिट्टीने बिथरून जाईल. आईने आदल्या दिवसापासून काही खाल्लेलं नाही, हे प्रणालीला माहीत नव्हतं. पट्ट्यावर नजर ठेवायला आपण दिवसभर शेजारीच आहोत, असा विचार करून तिने शिट्टी बंद केली.

सकाळपासून वडे तळले जात होते. काळ्या वाटाण्याचं सांबारं रटरटत होतं, तांदळाची खीर झाली होती. त्या वासावर शेवंतीच्या पोटावरची रेघ पेटली. साखर जरा उतरली तशी विझली. यकृताने आपल्याजवळची साठवलेली साखर रक्तात सोडून तेवढं भरून काढलं. थोड्या वेळाने पानं वाढली, रेघ पुन्हा पेटली. पुन्हा विझली. यकृताने पुन्हा भरून काढलं. पट्टा आपल्या समजुतीप्रमाणे बिनचूक चालला होता. फक्त आदल्या दिवसापासून उपाशी असलेल्या बाईच्या यकृतात किती उरलंय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

पान पडवीच्या कौलावर ठेवलं. जयराम अंगणात उभा राहून काव काव करून थकला. आभाळ रिकामं होतं. ऊन तापत गेलं. भावकीतल्या चार बायका पडवीत बसल्या होत्या. भाताची वाफ बसली, वड्यांवर माशा यायला लागल्या. जयरामने कौलाकडे हात जोडून भावाची समजूत काढली. वैनीला अंतर देणार नाही, बाग राखू, प्रणालीचं तुझ्या मनासारखं होईल. श्राद्धाला बोलायचं ते सगळं बोलून झालं. पान तसंच.

प्रणालीने आईच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामाने निथळत होतं आणि गार होतं. साडीतून निळा उजेड पुन्हा नुकताच उमटला होता. तिने एका झटक्यात पट्टा खसकन काढला. रेघ विझली. पण सुटलेलं इन्सुलिन परत बोलावता येत नाही. ती साखर आणायला आत धावली. बाहेर आली तेव्हा पडवीतल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या.

शेवंती घुमत होती. डोळे उघडे होते, पण कोणाकडे बघत नव्हते. अंग थरथरत होतं. जिथे पट्टा होता तिथे साडीच्या निऱ्यांवर तिची बोटं काहीतरी चाचपत होती.

"जया," ती म्हणाली.

जयरामच्या हातातला तांब्या खाली पडला. त्याला त्या घरात जया अशी हाक एकच माणूस मारायचा.

प्रणालीने आईचं तोंड उघडून साखर घालायचा प्रयत्न केला. दात घट्ट मिटलेले होते. हे दुसरंतिसरं काही नाही, शुगर लो झालीय, मेंदूला साखर नाही म्हणून ती बरळतेय, मला मदत करा, असं ती सगळ्यांना सांगत होती. एका बाईने तिचा हात धरला. दुसरीने खांदा. त्या दुष्ट नव्हत्या. वर्षभर अडून राहिलेला माणूस एकदाचा बोलायला लागला होता. त्याला बोलू द्यायला हवं होतं. पान शिवण्याआधी त्याच्या बायकोच्या तोंडात घास घातला असता तर तो कायमचा उपाशी राहिला असता. शेजारची जोशीणकाकू तर तिच्या कानाशी हळूच म्हणाली की पोरी, बाप बोलतोय, थोडा दम धर.

"दादा," जयराम गुडघ्यांवर बसला होता. "काय राहिलं तुझं? सांग."

शेवंतीची बोटं निऱ्या ओढत होती. ओठ हलले.

"गाठ सुटत नाही."

प्रणालीने जयरामकडे पाहिलं. जयरामचा चेहरा पांढरा झाला होता. त्या फडक्यावरच्या बोटांचं दोघांखेरीज कोणालाच माहीत नव्हतं.

"मी सोडतो दादा," जयराम रडत म्हणाला. "मी सोडतो. आणखी काय? काय वाढू तुला?"

शेवंतीचं डोकं एका बाजूला कलायला लागलं. आवाज अगदी बारीक झाला. पडवीत सगळे श्वास धरून होते, म्हणून तो ऐकू आला.

"आधी तिला वाढ."

मग जयरामच उठला. आत गेला आणि खिरीचं पातेलंच घेऊन आला. बायकांनी प्रणालीचे हात सोडले होते. एकीने शेवंतीचं डोकं मांडीवर घेतलं. जयरामने बोटाने खीर तिच्या ओठांना लावली. घट्ट मिटलेले दात जरासे सुटले. प्रणालीने साखर आणि खिरीतलं गोड पाणी थोडंथोडं गालाच्या आत चोळलं. घशात अडकू नये म्हणून आईला कुशीवर वळवलं. किती वेळ गेला ते कळलं नाही. शेवंतीने एक घोट गिळला. मग दुसरा. मग डोळे मिटले, उघडले आणि ते लेकीवर येऊन थांबले.

"कावळा शिवला?" तिने विचारलं.

कौलाकडे लक्ष द्यायला कोणाला सवड होती? सगळ्यांनी तेव्हा वर पाहिलं. पानावरचा वडा नव्हता. भाताच्या मुदीवर चोचीने केल्यासारखा एक खड्डा होता. कावळा येताना कोणी पाहिला नाही, पंखांची फडफड कोणी ऐकली नाही.

तोंडातली खिरीची चव कळली तशी शेवंती घाबरली. पान शिवायच्या आधी माझ्या तोंडात कोणी घातलं, असं विचारायला लागली.

"दादाने," जयराम म्हणाला आणि उठून अंगणात गेला.

तालुक्याहून गाडी आली. शेवंतीला रुग्णालयात ठेवलं. या औषधाने उतरलेली साखर वर आल्यासारखी वाटते आणि पुन्हा घसरते, म्हणून ग्लुकोजचं सलाइन लावून ठेवावं लागलं. डॉक्टर मुकादमबाईंनी प्रणालीला बाजूला घेऊन सांगितलं की फार थोडक्यात वाचली. त्या म्हणाल्या, उपाशी मेंदू स्वतःसाठीच मागत असतो. आधी तिला वाढ, हे तिचा मेंदू तिच्यासाठी बोलला. माणूस बुडताना हात वर करतो तसं. प्रणालीला हे पटलं. गाठीचं काय, हे तिने विचारलं नाही. निऱ्या ओढणाऱ्या बोटांवरून गाठ सुचली असेल. असेलही. पट्ट्याची स्मृती पुसायचं लहानसं यंत्र बाईंनी तिच्या हातात दिलं. पट्ट्याला टेकवून कळ दाबायची, एवढंच काम.

घरी आल्यावर शेवंतीने स्वतःच विषय काढला.

"पूस ते," ती म्हणाली. "जेवले ते. आता कशाला येतायत?"

प्रणाली हो म्हणाली. यंत्र पिशवीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या करते. आईने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. वर्षभर जी मुलगी पट्ट्याने शिकलेलं पुसू या म्हणून मागे लागली होती, ती आता रजा काढून दुपारभर माजघराच्या उंबऱ्यावर बसून आईच्या पोटाकडे बघत राहायची. श्राद्धाच्या दिवसापासून रेघ एकदाही वेळी-अवेळी पेटली नव्हती. ताट समोर आलं की पेटायची, सगळ्या रोग्यांची पेटते तशी.

रविवारी दुपारी शेवंती भात वेळून पेज गाळत होती. जेवायला अजून अवकाश होता. प्रणाली उठली. भिंतीशी टेकवलेला पाट तिने हळूच आडवा केला आणि हाताने पुढे ओढला. खिळी फरशीवर वाजली. ती वळून आईच्या पोटाकडे बघत उभी राहिली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. पेटलेल्या दिव्याने आईला पडवीत पडलेलं तिने पाहिलं होतं आणि आता तोच दिवा पेटावा म्हणून ती वाट बघत होती.

रेघ पेटली नाही.

शेवंतीने मागे न बघता भाताचं झाकण ठेवलं. "तू ओढलास," ती म्हणाली. "ते पायाने ओढतात."

प्रणाली तिथेच खाली बसली. वर्षभरात ती रडली नव्हती, ती आता रडली. बाबा एकदा तरी माझ्यासमोर यावेत असं वाटलं, असं काहीतरी ती पदरात तोंड खुपसून म्हणत होती. शेवंतीने तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला. मग ताटं घ्यायला उठली. प्रणालीने डोळे पुसले, पिशवीतून यंत्र काढलं आणि म्हणाली की ये इकडे, आत्ताच पुसून टाकते.

शेवंती दोन ताटं हातात घेऊन उभी होती, रिकामीच. भात अजून झाकलेला होता. तिची नजर लेकीच्या खांद्यावरून मागे गेली.

मागे खर्रर्र झालं.

प्रणालीने वळून पाहिलं नाही. तिला समोर दिसत होती ती आई, आणि आईच्या साडीतून उमटलेली निळी रेघ. यंत्र तिच्या हातात होतं. शेवंती तिच्याकडे बघत होती आणि वाट बघत होती. प्रणालीने यंत्र पिशवीत टाकलं, पिशवीची चेन लावली आणि सरकून आईला वाट दिली.

शेवंतीने झाकण काढलं. एक ताट वाढून पाटासमोर ठेवलं, एक स्वतःसमोर. मग लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच पाटाकडे न बघता तिने भात कालवला, पहिला घास तोंडात घातला, सावकाश चावून गिळला आणि तोंडावर पदर धरून म्हणाली,

"आता तुम्ही घ्या."